आडावरची काठी

गहिनीनाथ मिसाळच्या स्टुडिओत भिंतीवर नवरा-नवरी नाहीत. बारशातली बाळं नाहीत, वाढदिवसाचे केक नाहीत. तिथं ढग आहेत. ढगांखाली पाणी, पाण्याच्या कडेला एक काळं देऊळ आणि पलीकडच्या काठावर विजेच्या टॉवरांची रांग. सगळे फोटो एकाच जागेवरून काढलेले. पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक थोडा वेळ तिकडं बघतं आणि विचारतं, "एकच फोटो इतक्यांदा का लावलाय?"

"एकच न्हाई तो," गहिनीनाथ म्हणतो. "हनुवटी जरा खाली."

शेवगाव तालुक्याच्या उत्तर अंगाला, गोदावरीवरच्या धरणाचा फुगवटा जिथं येऊन टेकतो, तिथं सावतखेडे आहे. भरल्या पाण्यात पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा दिसतो. वारा असला की लाटा येतात, लाटांबरोबर फेस येतो, काठाला शंखशिंपले सापडतात. पुण्या-नगरहून फिरायला येणारे याला समुद्र म्हणतात. गावातले नुसतंच 'पाणी' म्हणतात. पाणी आलं, पाणी गेलं, पाण्यानं घेतलं.

पाण्यानं घेतलं ते जुनं गाव. धरण भरलं तेव्हा गहिनीनाथ तीन वर्षांचा होता. जुन्या गावातलं त्याला काहीच आठवत नाही. थोरल्या भावांना बैलगाडी आठवते, गाडीत उलटी ठेवलेली बाज आठवते. त्याला तेवढंही नाही. कदाचित म्हणूनच तो फोटो काढत असेल. शेवगावात एका फोटोग्राफरकडे सहा वर्षं काम केल्यावर त्यानं गावात एस.टी. स्टॅंडजवळ गाळा घेतला. लग्नं, दहाव्याचे फोटो, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि दर पावसाळ्यात पंचनाम्याचे फोटो, म्हणजे पडलेल्या भिंती, वाहून गेलेले बांध, वीज पडून मेलेली गाय. या सगळ्यावर घर चाललं. ढगांवर काहीच चाललं नाही, तरी अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तो न चुकता पांढऱ्या खडकावर जायचा. पाणकावळे बसून बसून तो खडक पांढरा पडलेला आहे. त्यात गहिनीनाथनं एक लोखंडी खिळा ठोकलाय. कॅमेऱ्याच्या स्टॅंडचा पुढचा पाय त्या खिळ्यावर ठेवायचा, तिसरा टॉवर फ्रेमच्या मधोमध घ्यायचा आणि जे आभाळ असेल ते टिपायचं. असं वीस वर्षं.

"ह्या फोटूंचं करायचं काय?" त्याची बायको सुरेखा एकदा म्हणाली.

"करायचं काय म्हंजे?"

"न्हाई, भिताड पडाय आलं तर टेकू लावता येतील, म्हनून इचारलं."

दुष्काळाच्या वर्षी पाणी मागं हटतं आणि जुनं गाव वर येतं. गाव म्हणजे आता मारुतीचं काळ्या दगडाचं देऊळ, चार-दोन जोती आणि गाळ. गाळ सुपीक असतो. सरकत्या पाण्यामागोमाग लोक त्यात हरभरा, टरबूज, कडवळ करतात. त्याला गाळपेर म्हणतात. पण गाळपेरीच्या आधी एक काम असतं, ते म्हणजे आडावर काठी लावायचं.

जुन्या गावाचा आड देवळाच्या मागं होता. अरुंद, खोल, दगडी बांधणीचा. पन्नास वर्षांच्या पाण्यात त्याच्या तोंडावर काट्याकुट्या, जाळ्यांची फाटकी टोकं, पाणगवत येऊन अडकलं आणि त्यावर गाळ बसला. खाली पोकळी आणि पातळ चिखल, वर झाकण. पाणी ओसरतं तेव्हा दोन-तीन दिवस तेवढं वर्तुळ ओलं राहतं, बुडबुडे येतात. त्याच दोन-तीन दिवसांत त्या वर्तुळाच्या कडेला बांबू रोवायचा, टोकाला पांढरं फडकं बांधायचं आणि नारळ फोडायचा. नंतर ऊन लागतं, सगळा गाळ एकसारखा तडकतो आणि आड कुठं आहे ते कुणालाच कळत नाही. एकदा लावलेल्या काठीला पाणी परत येईपर्यंत हात लावायचा नाही, हा गावाचा नेम. दोनदा दगड टाकून आड बुजवून पाहिला, दगड चिखलात गेले. २०१६ साली काठी लावायला उशीर झाला आणि भिमाजीनानांची म्हैस आत गेली. तिचं रेकणं दीड दिवस ऐकू येत होतं. तेव्हापासून काठी भिमाजीनाना स्वतः लावतात.

२०२४ मध्ये त्यांनी ती बारा मार्चला लावली. तेरा मार्चला गहिनीनाथनं खिळ्यावरून आपला नेहमीचा फोटो काढला. आणि सतरा मार्चला, रविवारी, देवळाली प्रवऱ्याची निकिता आणि तिचा होणारा नवरा पार्थ प्री-वेडिंगचे फोटो काढायला आले.

दोघांना देऊळच हवं होतं. मोबाईलवर कुणाचे तरी फोटो पाहून ते आले होते. निकितानं लाल घोळदार गाऊन घातला होता. गाळ बराचसा वाळला होता, पण चालताना तिचे सॅंडल रुतत होते, म्हणून तिनं ते हातात घेतले. गहिनीनाथनं लांब लेन्स लावली. लांबून काढलं की मागचं देऊळ पुढं येतं, मोठं दिसतं. फ्रेम लागली. देऊळ, आभाळ, दोघं जण. आणि दोघांच्या डोक्यांच्या मधोमध बांबू.

स्क्रीनवर पाहून निकिता म्हणाली, "काका, ही काठी मधेच आलीये. फडकं भुतासारखं दिसतंय."

"एडिटिंगमध्ये काढतील की ते," पार्थ म्हणाला.

इथं गहिनीनाथचा धंद्याचा ताठा आडवा आला. कॉम्प्युटरवर पुसलेली जागा त्याला लगेच ओळखू येते, आणि शेवगावातली हल्लीची पोरं सगळं कॉम्प्युटरवर पुसतात याचा त्याला राग आहे. "एडिटिंगमधी काडन्यापरीस हातानं काडल्याली बरी," तो म्हणाला. तो गेला, दोन्ही हातांनी बांबू हलवून हलवून उपटला आणि तिथंच जमिनीवर आडवा ठेवला. दहा मिनिटांचं काम. फोटो झाले की परत लावायचा.

पाच मिनिटं झाली असतील. पश्चिमेकडून धुळीची भिंत उठलेली त्याला आधी लेन्समधूनच दिसली. मग वारं आलं, मग टपोरे थेंब, मग गारा. निकिता गाऊन गोळा करून पळाली. गहिनीनाथ कॅमेरा शर्टाखाली घेऊन पळाला. काठावर पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात फक्त लेन्स होती. काठी त्याला रात्री जेवताना आठवली.

सकाळी उठून तो मोटारसायकलवर पाण्याकडं निघाला. रस्त्याच्या चढावरूनच त्याला काठी दिसली. उभी होती. फडकं ओलं होऊन चिकटलेलं होतं. कुणीतरी लावली होती. त्यानं चढावरच गाडी वळवली. कुणी लावली हे त्यानं विचारलं नाही, कारण ती पडली होती हे तुला कसं कळलं, असं कुणी उलट विचारलं असतं.

पुढचे पाच आठवडे गावात फार काही घडलं नाही. ऊन वाढलं. पाणी इतकं मागं गेलं की देवळाच्या चारी अंगांना सपाट गाळ मोकळा पडला. यंदा हनुमान जयंती जुन्या देवळातच करायची, असं ग्रामसभेत ठरलं. सूर्योदयाला जन्म, मग पंगती. पाचशे पानं धरली होती. मांडवाचं काम छगन घुलेकडे आलं. छगन गाळपेरीत टरबूज करतो आणि मांडवाचा धंदाही करतो. एप्रिलच्या मध्याला तो बॅनरवरच्या फोटोसाठी स्टुडिओत आला तेव्हा जरा उतरलेला होता.

"कुत्रं घावना," तो म्हणाला. "तांबडं माझं. टरबुजाची राखन करायचं. आठ दिस झालं."

"गेलं असंल कुनाच्या मागं."

"आवं, म्हातारं कुत्रं. कुनाच्या मागं जातंय?" छगन हसला. "आता तुमीच एखांदा फोटू लावा त्याचा. ढगांच्या बाजूला."

बावीस एप्रिलला, सोमवारी दुपारी, सणाच्या आदल्या दिवशी, गहिनीनाथ निकिताचा अल्बम जुळवत होता. वीज गेली आणि आली. कॉम्प्युटर परत सुरू झाला तेव्हा फोल्डरांची यादी उघडी राहिली होती, म्हणून त्यानं सहज दोन दिवसांपूर्वीचा आपला ढगांचा फोटो उघडला. आभाळ रिकामं होतं. पाणी मागं गेलेलं. देऊळ. काठी. काठीकडं त्याचं लक्ष गेलं आणि तिथंच थांबलं.

काठी दुसऱ्या टॉवरखाली होती.

त्यानं तेरा मार्चचा फोटो शेजारी उघडला. त्यात काठी बरोबर तिसऱ्या टॉवरखाली होती. वीस वर्षं फ्रेमच्या मधोमध घेतलेला तिसरा टॉवर. खिळा हललेला नव्हता, टॉवर हललेले नव्हते, देऊळ हललेलं नव्हतं. दोन टॉवरांमधला फरक फोटोत बोटभर होता. गाळावर तो वीस-पंचवीस पावलं तरी असणार. आडव्या ठेवलेल्या बांबूला वारं तेवढं लोटत घेऊन गेलं होतं.

मग त्यानं निकिताचा शेवटचा फोटो उघडला. लाल गाऊन, मागं देऊळ, मधे मोकळी जागा. मोकळी जागा किती आहे ते लेन्समधून कधीच कळत नाही. लांब लेन्स अंतर खाते. हे तो स्वतः शिकाऊ मुलांना सांगत आलाय. त्याला आपलाच आवाज आठवला. दोन पावलं मागं. अजून एक. तिसऱ्यांदा 'अजून एक' म्हटलं आणि धुळीची भिंत आली.

दुपारचे अडीच वाजले होते. छगनचा टेम्पो सकाळीच पाण्याकडं गेला होता. मांडव कुठं घालायचा हे काठी बघूनच ठरलं होतं. काठीपासून लांब, देवळाच्या मागं, सपाट जागी. बायकांची पंगत तिथंच बसणार होती.

फोटोतून रेघ मिळत होती. खिळ्यापासून तिसऱ्या टॉवरपर्यंत ओढली तर त्या रेघेवर कुठंतरी आड होता. पण नुसत्या गाळावरच ती रेघ अर्धा किलोमीटर लांब. तिच्यावर कुठं, हे भिमाजीनानांना विचारायचं तर उपटलेल्या काठीचं सांगावं लागलं असतं. दुसरं सांगणारं गावात एकच माणूस उरलं होतं.

मनकर्णाबाई त्याच्या चुलत्याची विधवा. ऐंशी उलटलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू. त्या बाजेवर बसून लसूण सोलत होत्या.

"काकू, जुन्या आडापासून देऊळ किती लांब हुतं?"

"आज कसा काय आड आठावला?"

"असंच. फोटोच्या कामाला."

म्हातारीनं लसणाची पाकळी परातीत टाकली. "नवी नवरी आले तवापसून रोज पैली घागर मारुतीच्या मागल्या पायरीवर वतायची, मग घरात पानी. अठ्ठेचाळीस पावलं. सासू मोजाय लावायची, वाटंत उभं ऱ्हाऊन बोलू ने म्हनून."

"अठ्ठेचाळीस. म्हंजे माझी..."

"तुझी न्हाई. तुझ्या ढांगा काय कामाच्या? भरल्या घागरीची अठ्ठेचाळीस. रिकाम्या घागरीनं एक्केचाळीसच व्हायची. डोक्यावर वजन असलं की बाई पाऊल आखूड टाकती." मग तिनं हात थांबवले. न दिसणारे डोळे त्याच्याकडं वळवले. "काठी हाय ना तिथं? मंग मोजून काय करतो?"

गहिनीनाथ परातीतली सालं गोळा करू लागला.

"कुनी हलवली?"

"म्या."

"कवा?"

"म्हैना झाला."

"अन उद्या समदं गाव तिकडं जेवाय बसनार." तिनं परत लसूण हातात घेतला. "तुझ्या बापानं घर सोडताना त्या आडाला नारळ फोडला व्हता. ज्यानं पानी पाजलं त्याची आठवन ठिवावी म्हनला. तुला आठवन न्हाई, पर आडाला असंल."

घरी येऊन त्यानं सुरेखाला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती उठली, पितळी घागर राखेनं घासली आणि नळाखाली लावली.

"तू कशाला? दुसऱ्या कुनाला..."

"कुनाला सांगनार? अन काय म्हनून सांगनार?" घागर भरत आली होती. "चला. ऊन उतराय लागलंय. सांज झाली की तुमचा टावर दिसायचा न्हाई."

पाच वाजता ते पाण्यावर पोचले. मांडवाचे खांब उभे राहिले होते. खाली निळी ताडपत्री अंथरली होती, कडेनं दगड ठेवले होते. छगनचे दोन गडी भट्टीसाठी विटा लावत होते. गहिनीनाथनं छगनला बाजूला घेतलं.

"काठी सरकल्यागत वाटती. माझ्या फोटोत तसं दिसतंय."

"फोटूत काठी सरकती?" छगन हसला. पण त्यानं काठीकडं पाहिलं, मग गहिनीनाथच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि टेम्पोतून पहार काढली.

काम असं ठरलं. गहिनीनाथ खडकावर खिळ्यापाशी कॅमेरा लावून उभा राहणार, कारण रेघ तिथूनच दिसते. सुरेखा देवळाच्या मागल्या पायरीपासून भरली घागर घेऊन चालणार. तिच्या पुढं दोन हात छगन चालणार, पहार मारत. छगनच्या कमरेला दोर, दोराचं टोक दोन्ही गड्यांच्या हातात. फोन स्पीकरवर चालू ठेवून छगनच्या खिशात.

खडकापासून देऊळ चारशे मीटर. गहिनीनाथनं लांब लेन्स लावली आणि बायको फ्रेममध्ये आली. इतक्या जवळ की हातात घ्यावी. डोक्यावर घागर, एक हात वर, दुसऱ्या हातानं साडीचा काठ उचललेला. तिच्या मागं तिसरा टॉवर नव्हता अजून. चौथा होता.

"चल," तो फोनवर म्हणाला.

ती चालू लागली. मोजत होती ते त्याला तिच्या ओठांवरून कळत होतं. पाऊल, पहारेचा ठक्क असा आवाज, पाऊल, ठक्क. फोनमधून ठक्क ऐकू यायचं ते कॅमेऱ्यात पहार टेकल्यानंतर क्षणभरानं. दहा. वीस. छगनच्या श्वासाचा आवाज. तीस पावलांना ते ताडपत्रीच्या कडेला पोचले.

"ताडपत्री काडा," छगन गड्यांना म्हणाला.

"कशाला काडायची, शेठ? आताच घातली."

"काड म्हनतो ना."

"मधी खड्डा हाय थोडा," गडी म्हणाला. "माती ढासळल्याली हाय. बाया बसतील म्हनून तिथं दोन पदर टाकलेत. चटई घातली की कळनार पन न्हाई."

पहारेचा आवाज थांबला. फोनमध्ये नुसता वारा राहिला.

"केवढा खड्डा?" छगननं विचारलं.

"परातीएवढा."

त्यांनी ताडपत्री एका अंगानं गुंडाळत आणली. परातीएवढं भोक दिसलं, पण त्याच्याभोवती पोकळी किती पसरलीय ते कळत नव्हतं. सुरेखा घागर घेऊन तशीच उभी होती, एकतिसाव्या पावलावर. "चला पुढं," ती म्हणाली. बत्तीस. पस्तीस. चाळीस. आता ती तिसऱ्या टॉवरच्या अगदी जवळ आली होती. गहिनीनाथला वाटत होतं की 'बास' म्हणावं, आणि त्याला हेही दिसत होतं की अजून रेघ लागलेली नाही. लेन्समधून अंतर कळत नाही. त्यानं याच गाळावर, याच लेन्समधून, एका मुलीला 'अजून एक पाऊल' म्हटलं होतं.

सेहेचाळीसाव्या पावलाला टॉवर तिच्या घागरीवर बसला.

"थांब," तो म्हणाला. "थांब. रेघंवर आलीस."

छगननं हात लांब करून पहार पुढं टाकली. या वेळी ठक्क आलं नाही. पहार त्याच्या हातातून गेली. तिचं वरचं टोक दिसेनासं झालं आणि बऱ्याच वेळानं खालून कसलासा जड, ओला आवाज आला. गड्यांनी दोर ताणला. छगन गुडघ्यांवर बसला आणि परातीएवढ्या भोकाशी वाकला. नाकाला हात लावून तो मागं सरला. मग परत वाकला.

भोकाच्या कडेला, तडकलेल्या गाळात, नखांचे ओरखडे होते. वरून खाली नाहीत, खालून वर. वाळून घट्ट झालेले. ते कॅमेऱ्यातून दिसण्याएवढे मोठे नव्हते. गहिनीनाथला ते छगनच्या तोंडून कळले, फोनवर, आणि छगन त्याला सांगत नव्हताच. तो नुसताच म्हणत होता, "खालनं वर नखं मारल्यात. हितं हाय. तांबडं हितं हाय."

एव्हाना भिमाजीनाना काठावरून चालत आले होते. भट्टी बघायला आलेले. वयानं पंचाहत्तर, पण पाऊल सरळ. त्यांनी भोक पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या काठीकडं पाहिलं.

"ती काठी तिकडं कशी ग्येली?"

"मी रोवली," छगन म्हणाला. गहिनीनाथला त्याचा आवाज अगदी कानाशी ऐकू येत होता. "गारा झाल्या त्याच्या दुसऱ्या दिशी. आडवी पडल्याली घावली, जिथं पडली तिथंच रोवली. मला वाटलं, वाऱ्यानं पडली असंल. माजं चुकलं, नाना."

"वाऱ्यानं?" भिमाजी म्हणाले. "दोन हात खोल रोवली व्हती म्या. वाऱ्यानं मोडंल, उपटायची न्हाई."

"मंग मला काय म्हाईत. माजंच चुकलं."

दोन्ही गडी छगनकडं बघत होते. उद्या सकाळपर्यंत हे सगळ्या गावात जाणार होतं. छगननं काठी चुकीच्या जागी लावली, पाचशे माणूस आडावर बसवणार होता, देवानं राखलं. बरीच वर्षं पुरेल एवढी गोष्ट होती ती. फ्रेममध्ये सुरेखानं घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि मान वळवून थेट खडकाकडं पाहिलं. तिला तिथून तो मुंगीएवढा दिसत असेल. त्याला तिचे डोळेही दिसत होते.

फोन बंद करायला अंगठा पुरला असता.

"नाना," गहिनीनाथ म्हणाला. त्याचा आवाज छगनच्या खिशातून आला आणि चौघेही दचकून छगनच्या छातीकडं बघू लागले. "नाना, काठी म्या उपटली. फोटोत येत हुती म्हनून. आडवी ठिवली अन पावसात तशीच राह्यली. दुसऱ्या दिशी उभी दिसली, म्हनून गप बसलो. छगनचं काय चुकल्यालं न्हाई."

फोनमध्ये वारा. मग छगननं खिशातून फोन काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि बंद केला.

चारशे मीटर चालायला गहिनीनाथला किती वेळ लागला ते त्याला सांगता येत नाही. तो पोचला तेव्हा भिमाजी तिकडची काठी उपटून घेऊन आले होते. त्यांनी ती त्याच्या हातात दिली.

"लाव," ते म्हणाले. "अन नारळ घिऊन ये. दोन आन."

"दोन कशाला?"

"एक आडाला, एक कुत्र्याला. का त्ये बी एडिटिंगमधी बसतंय?"

'एडिटिंग' हा शब्द त्यांना कुठून माहीत, असं त्याच्या मनात आलं. मग कळलं की सुरेखानं सगळं सांगून टाकलं होतं, शब्दासकट.

मांडव उत्तरेला हलवला. छगननं आणि गड्यांनी रात्र पडायच्या आत काम उरकलं. गहिनीनाथ खांब धरायला गेला, तेव्हा छगन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." रागानं नाही. परक्या माणसाला म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला जन्म झाला. पंगती बसल्या. पांढऱ्या फडक्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि आया मुलांना हाताला धरून लांबून दाखवत होत्या. कॅमेरा गहिनीनाथच्या गळ्यात होता. दर वर्षी या दिवशी सगळ्या गावाचा एक फोटो होतो. यंदा कुणी रांग लावली नाही. छगन वाढायला आला, त्याच्या पानात दोन पुऱ्या टाकल्या, भाजी वाढली आणि मान न उचलता पुढच्या पानावर गेला.

मे महिन्यात ग्रामसभेत ठराव झाला. काठी इथून पुढं दोन माणसांनी लावायची, आणि त्याच दिवशी गहिनीनाथ मिसाळ यांनी खिळ्यावरून एक आणि देवळाच्या पायरीवरून एक असे दोन फोटो काढून पंचायतीत लावायचे. भिमाजींनी ही शिक्षा म्हणून सुचवली. लिहिणाऱ्यानं ती जबाबदारी म्हणून लिहिली. गहिनीनाथ दोन्ही अर्थांनी पाळणार आहे. अडचण वेगळीच आहे, आणि ती अजून त्यानं कुणाला सांगितलेली नाही. वीस वर्षांचे फोटो ओळीनं लावून त्यानं देवळाच्या पायऱ्या मोजल्या आहेत. २००७ साली पाच दिसत होत्या. यंदा दोन. गाळ चढतोय. आडाच्या तोंडावरचं झाकण दर वेळी जाड होतं आहे, आणि ओलं वर्तुळ दर वेळी आधीपेक्षा लवकर सुकतं आहे. भिमाजीनानांना यंदा ते एकच दिवस दिसलं होतं.

अल्बम न्यायला निकिता आणि पार्थ जूनच्या पहिल्या आठवड्यात आले. लग्न झालं होतं. शेवटच्या पानावरचा देवळाचा फोटो बघून पार्थ म्हणाला, "हा मोठा करून द्या, काका. हॉलमध्ये लावायला. किती मोकळं दिसतंय मागं."

गहिनीनाथनं त्यांना सांगितलं. आड कुठं होता ते फोटोवर बोट ठेवून दाखवलं. बोट लाल गाऊनच्या घेराला लागत होतं.

पार्थ आधी हसला. म्हणाला की मग तर हा लावायलाच पाहिजे, लोकांना सांगायला गोष्ट झाली. निकिता हसली नाही. ती बराच वेळ फोटोतल्या आपल्या पायांकडं बघत होती. पाय अनवाणी होते.

"काका, तुम्ही अजून एक पाऊल मागं या म्हणाला होता."

"व्हय."

"मी आले नव्हते. पाऊस आला."

"व्हय," गहिनीनाथ म्हणाला.

तिनं ते पान अल्बममधून अलगद सोडवलं आणि टेबलावर उलटं ठेवलं. बाकीचा अल्बम घेऊन ती दोघं गेली. बाहेर पश्चिमेला आभाळ भरत होतं. गहिनीनाथनं घड्याळ पाहिलं, दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, आणि त्यानं स्टॅंड उचलला.